बोन्साय प्रदर्शनात उतरताय? मग कामं या क्रमानं करा

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी टेबलांवरून एक चक्कर मारली की कुणी तयारी कधी सुरू केली ते लगेच कळतं. वडाच्या कापलेल्या फांदीच्या टोकाला चीक अजून पांढराच असतो. शेवाळाचे तुकडे कडेनं उचललेले असतात. कुंडी कोरी करकरीत आणि झाड तिच्यात डुगडुगतंय. झाडं वाईट नसतात. वर्षानुवर्षं जपलेली, चांगली झाडं असतात. फक्त जी कामं मार्चमध्ये व्हायची ती जानेवारीत उरकलेली असतात.

म्हणून या लेखात कुठलं काम कधी करायचं यावरच भर आहे. साधं सूत्र असं: झाडाला जखम करणारी कामं सर्वात आधी, वाढ हवी असलेली त्यानंतर आणि शेवटच्या पंधरवड्यात फक्त साफसफाई. हिशेब जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याचा धरला आहे, कारण पुण्यात एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन प्रजासत्ताक दिनाच्या आसपास भरतं आणि मुंबईत राणीच्या बागेतलं जानेवारी अखेर-फेब्रुवारीच्या सुरुवातीला. तुमच्या संस्थेचं प्रदर्शन पावसाळ्यात असेल तर तारखा बदलतील, क्रम तोच राहील.

## टप्पा १ : आधी माहितीपत्रक, मग झाड

बहुतेकजण आधी आवडतं झाड ठरवतात आणि मग त्याला गट शोधतात. उलटं करा. गेल्या वर्षीचं माहितीपत्रक मिळवा आणि त्यात चार गोष्टी बघा.

पहिली, उंचीचे गट. उंची कुठून मोजतात हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असू शकतं. कुठे मातीच्या पातळीपासून शेंड्यापर्यंत, तर कुठे कुंडीसकट. दोन-तीन सेंटिमीटरनं झाड वरच्या गटात गेलं की तिथल्या थोराड झाडांपुढे ते पोरकं दिसतं. नवशिक्यांसाठी वेगळा गट आहे का तेही विचारा. असेल तर लाजू नका, तिथंच उतरा.

दुसरी, गटांची विभागणी शैलीनुसार आहे की जातीनुसार. सरळ खोड, नागमोडी, तिरपं, धबधबा (कुंडीच्या काठाखाली झुकणारं), दगडावरचं, वनराई (एका कुंडीत अनेक झाडं) असे गट असतील तर तुमचं झाड नेमकं कशात बसतं ते ठरवा. अर्धा धबधबा आणि तिरपं खोड यांच्या मधलं झाड दोन्हीकडे मार खातं.

तिसरी, झाड तुमच्याकडे किती काळ असायला हवं. विकत आणलेलं तयार झाड लगेच स्पर्धेत उतरवू नये म्हणून काही ठिकाणी अशी अट असते. चौथी, फांद्यांना वळण देण्यासाठी गुंडाळलेली वायर झाडावर चालते का. काही ठिकाणी नीट केलेली वायरिंग खपवून घेतात, काही ठिकाणी गुण कापतात.

आता झाड. जानेवारीत कोणतं झाड ऐन रूपात असतं हा पहिला प्रश्न. अडेनियमचं खोड कितीही फुगीर असलं तरी पुण्याच्या थंडीत त्याची पानं गळतात किंवा पिवळी पडतात. पिंपळाची पानं तोवर जून, डागाळलेली असतात. नांद्रुक, वड, सुरू, कुंती, जेड ही त्या महिन्यात भरवशाची झाडं. बोगनवेलीला तर कोरडी हवा मानवतेच, फक्त तिची फुलं वाहतुकीत झडतात.

चिंच आणि विलायती चिंच यांची एक गंमत आहे. दोघांचीही पानं अंधार पडू लागला की मिटतात. परीक्षण संध्याकाळी आणि तेही हॉलमध्ये असेल, तर तुमचं डेरेदार झाड परीक्षकासमोर हात जोडून उभं राहिलेलं दिसेल. परीक्षणाची वेळ विचारून मगच चिंच न्या.

तपासा : झाड डोळ्यांच्या उंचीवर ठेवा, दहा पावलं मागं जा आणि फोटो काढून कृष्णधवल करा. हिरवा रंग गेला की फांद्यांमधल्या रिकाम्या जागा, एकमेकांवर आलेल्या फांद्या आणि नसलेला शेंडा चटकन दिसतो. दोष सहा महिन्यांत भरून येणारा नसेल तर ते झाड यंदा घरीच ठेवा.

एक मुख्य आणि एक राखीव, अशी दोनच झाडं निवडा. पाच प्रवेशिका भरणाऱ्याचं एकही झाड धड तयार नसतं.

## टप्पा २ : कॅलेंडर उलटं लिहा

प्रदर्शनाची तारीख कागदाच्या तळाशी लिहा आणि मागं मागं या. वडवर्गीय (वड, पिंपळ, नांद्रुक) झाडासाठी ते साधारण असं दिसेल:

- फेब्रुवारी अखेर ते जून : कुंडी बदलणं, मुळांची छाटणी
- जून ते सप्टेंबर : खत, मोकळी वाढ, जाड फांद्या कापायच्या असतील तर त्या
- ऑगस्ट-सप्टेंबर : शेवाळ गोळा करणं
- सप्टेंबर अखेर, ऑक्टोबर : छाटणी आणि वायरिंग
- ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा : पानं काढणं
- डिसेंबर : शेवाळ लावणं, वायर उतरवणं
- जानेवारीचे पहिले दोन आठवडे : कीड, स्वच्छता, बारीक पिंचिंग (कोवळे शेंडे चिमटणं)
- शेवटचा आठवडा : कात्री कपाटात

शेवटची ओळ पाळणं सर्वात अवघड जातं. रोज झाडासमोर बसलं की हात शिवशिवतो. इथली एक डहाळी, तिथलं एक पान करता करता झाड ऐन दिवशी बोडकं होतं.

## टप्पा ३ : कुंडी, आणि ती वेळेवर

प्रदर्शनाची कुंडी ही प्रदर्शनाच्या आधीच्या उन्हाळ्यात लागायला हवी. झाडाला नव्या कुंडीत मुळं पसरून घट्ट बसायला पूर्ण पावसाळा मिळतो. डिसेंबरात कुंडी बदललेलं झाड जगतं, पण त्याची पानं निस्तेज होतात आणि हलवल्यावर खोड मातीतून हलतं. परीक्षक बोटानं हलवून बघणार नाही कदाचित, पण टेम्पो नक्की हलवेल.

मापाचा ढोबळ हिशेब असा: कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, खोली खोडाच्या बुंध्याच्या जाडीइतकी. धबधबा शैलीला हा हिशेब लागू नाही. तिथं खोल कुंडी लागते. जुन्या, भारदस्त वडाला चकाकी नसलेली तपकिरी मातीची कुंडी शोभते. फुलाफळांच्या झाडाला रंगीत चकाकीची चालते, पण कुंडीचा रंग फुलापेक्षा भडक नको. निळ्या कुंडीतली गुलाबी बोगनवेल छान दिसते. लाल कुंडीत तिचं फूल हरवतं.

ऐनवेळी कुंडी फारच वाईट आहे असं लक्षात आलं तर? मातीचा गड्डा न फोडता, मुळांना कात्री न लावता, तो अलगद उचलून तेवढ्याच किंवा किंचित मोठ्या कुंडीत बसवता येतो. कडेची फट मातीनं भरा आणि गड्डा तारेनं कुंडीला बांधा. हे तीन-चार आठवडे आधी करा, आदल्या दिवशी नको.

सावधान : बुंध्याची मुळं, म्हणजे नेबारी, कुंडी बदलतानाच वर आणायची असतात. जानेवारीत माती उकरून मुळं उघडी केली की त्यांचा रंग खोडापेक्षा फिका दिसतो आणि खोटेपणा लपत नाही.

## टप्पा ४ : छाटणी, वायर, पानं – याच क्रमानं

### छाटणी
जाड फांदी कापायची असेल तर ती पावसाळ्यात, वाढ जोरात असताना. वडवर्गीय झाडं तेव्हा जखम भराभर भरतात. थंडीत तीच जखम महिनोन्‌महिने उघडी राहते. ऑक्टोबरात फक्त बाह्यरेषा नीट करणारी हलकी छाटणी करा.

### वायर
वाढीच्या दिवसांत नांद्रुकावर घातलेली वायर महिन्या-दीड महिन्यात सालीत रुतू लागते. ऑक्टोबरात घातलीत तर दर आठवड्याला बघत राहा. सालीत दबतेय असं दिसताच कापून काढा. उलगडून काढायला गेलात तर कोवळ्या डहाळ्या मोडतात. फांदी परत वर आली तर पुन्हा घालता येते, पण वायरचा पिळा सालीवर उमटला की तो वर्षानुवर्षं जात नाही, आणि परीक्षकाची नजर पहिली तिथंच जाते.

वायर ठेवायचीच असेल तर तपकिरी ॲल्युमिनिअमची किंवा तांब्याची, एकसारख्या पिळ्याची, कुठेही एकावर एक न चढलेली. चंदेरी वायर आणि सुतळीचे ताण प्रदर्शनात नकोत.

### पानं काढणं
सर्वात जास्त गोंधळ इथं होतो. वडाची पानं मोठी. ती सगळी काढली की नवी येतात ती आकारानं लहान, स्वच्छ आणि तुकतुकीत असतात. उन्हाळ्यात नवी पालवी तीन-चार आठवड्यांत येते. म्हणून लोक डिसेंबरात पानं काढतात आणि अडकतात, कारण पुण्यात डिसेंबरात पारा दहा-बारा अंशांवर उतरला की वाढ मंदावते. जानेवारीच्या शेवटी झाडावर अर्धवट उघडलेल्या लालसर कळ्या उरतात. ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा ही पुण्यातली बरी वेळ. मुंबई-कोकणात थंडी कमी, तिथं दोन आठवडे उशीर चालतो.

पान खुडू नका. कात्रीनं पान कापा आणि देठ झाडावर राहू द्या. देठ आपोआप गळतो आणि त्याच्या बगलेतला डोळा, म्हणजे पुढचा कोंब, शाबूत राहतो. शेंड्याच्या कोंबाला धक्का लावू नका. पानं काढण्याआधी महिनाभर झाडाला खत मिळालेलं असावं. पानं काढल्यावर पाणी बेतानं द्या, कारण पानंच नाहीत तर पाणी पिणार कोण? ओल्या मातीत मुळं कुजतात. नवी पालवी उलगडत असताना भरपूर ऊन द्या आणि नत्राचं खत टाळा. सावलीत आणि नत्रावर पान पुन्हा हातभर होतं.

सावधान : ही युक्ती वडवर्गीयांची. जुनिपर आणि सुरूला ती लावू नका. त्याच वर्षी कुंडी बदलल्यानंतर न सावरलेल्या किंवा आजारी झाडालाही नाही.

बोगनवेलीचं वेळापत्रक वेगळं आहे. तिची छाटणी प्रदर्शनाच्या दोन-अडीच महिने आधी करा. नवी फूट पुरेशी वाढली की पाणी तोडा, पानं किंचित मलूल दिसू लागली की पाणी द्या, पुन्हा तोडा. कळ्या दिसल्यावर मात्र पाण्याचा खेळ थांबवा, नाहीतर त्याच गळतील.

## टप्पा ५ : शेवाळ

आपल्याकडे शेवाळ फुकट मिळतं ते पावसाळ्यात. डिसेंबरात शोधायला निघालात तर नर्सरीत पैसे मोजूनही धड मिळत नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात सोसायटीच्या कंपाउंडची भिंत, गच्चीचा कोपरा, जुन्या विटा इथून बारीक मखमली शेवाळ उलथन्यानं पातळ काढा. सड्यांवरचं आणि किल्ल्यांच्या तटावरचं खरवडू नका; ते परत यायला फार वेळ लागतो आणि आपल्या कुंडीसाठी तेवढं नुकसान करण्यात काही अर्थ नाही. काढलेलं शेवाळ वर्तमानपत्रावर सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवा. मेलेलं दिसतं, पण पाणी मिळालं की पुन्हा हिरवं होतं.

लावण्याच्या दोन पद्धती आहेत. वेळ असेल तर सहा-आठ आठवडे आधी वाळलेलं शेवाळ चुरून, बारीक चाळलेल्या मातीत मिसळून पृष्ठभागावर पसरा आणि दिवसातून दोन-तीनदा फवारा मारा. ते मातीतूनच आल्यासारखं दिसतं, कारण ते खरंच तिथंच वाढलेलं असतं. वेळ कमी असेल तर दोन-तीन आठवडे आधी तुकडे बसवा. आधी वरची सेंटिमीटरभर जुनी माती हलक्या हातानं काढा, शेवाळाच्या पाठीची माती खरवडून ते पातळ करा आणि तुकडे बोटानं दाबून बसवा. कडा कुंडीच्या काठाखाली आत वळवा. तुकड्यांच्या सांध्यांत बारीक माती भुरभुरवा.

सगळी माती हिरव्या गालिच्यानं झाकायची गरज नाही. बुंध्याची मुळं मोकळी ठेवा, मधेमधे थोडी माती दिसू द्या, दोन प्रकारचं शेवाळ मिसळा. जेड आणि अडेनियमला शेवाळ लावूच नका. कोरड्या मुलखातल्या झाडाखाली ओला गालिचा शोभत नाही आणि मुळांनाही मानवत नाही. तिथं बारीक खडी पुरे.

पाण्याचं बघा. बोअरच्या पाण्याचा फवारा शेवाळावर आणि पानांवर पांढरे डाग ठेवतो. शेवटचा महिना फवाऱ्यासाठी फिल्टरचं पाणी वापरा. फिल्टरमधून बाहेर फेकलं जाणारं पाणी मात्र नको. त्यात क्षार आणखी जास्त असतात.

## टप्पा ६ : शेवटचा पंधरवडा

कीड आधी. नांद्रुकाची पानं मधोमध दुमडून पुरचुंडी झाली असतील तर आत फुलकिडे असतात. ती पानं तोडून पिशवीत बांधून टाका. देठांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण आणि पानांच्या पाठीवर खवले कीड बघा. स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुरतो. निमतेल फवारायचं तर प्रदर्शनाच्या दहा दिवस आधीच, नाहीतर वास आणि चिकटपणा राहतो. कीड लागलेलं झाड प्रदर्शनात नेणं म्हणजे शेजारच्या वीस झाडांना ती वाटणं, त्यामुळे शंका असेल तर राखीव झाड न्या.

खोड. जुना मऊ टूथब्रश आणि पाण्याचा बारीक फवारा घ्या. नांद्रुकाची गुळगुळीत साल अशी धुतली की उजळते. चिंचेची भेगाळलेली साल घासू नका. ती मिळवायला वर्षं गेलेली असतात आणि ब्रशखाली तिची खपली निघते. झाडावर मुद्दाम राखलेल्या वाळक्या लाकडाला ते पांढरं करणारं लाइम सल्फर लावायचं असेल तर ते किमान महिनाभर आधी. ताजं लावलं की पांढराफटक रंग आणि सडक्या अंड्याचा वास दोन्ही हॉलभर जातात.

पानं. ओल्या सुती फडक्यानं एकेक पान, खालून तळहाताचा आधार देऊन, दोन्ही बाजूंनी पुसा. दूध, तेल, बाजारातला चमक देणारा स्प्रे यातलं काहीही लावू नका. परीक्षकाला ती चमक लांबूनच कळते, शिवाय त्यावर धूळ बसते. फाटलेली आणि डागाळलेली पानं काढा, पण एकाच फांदीची सगळी नको.

कुंडी. पांढरे क्षार व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्यानं बाहेरून काढा, व्हिनेगर मातीत उतरू देऊ नका. नंतर साध्या पाण्यानं पुसा. चकाकी नसलेल्या कुंडीवर बेबी ऑइलचा अगदी पातळ हात फिरवून कोरड्या फडक्यानं पुसून घ्या. खोबरेल नको. जानेवारीच्या सकाळी ते थिजतं आणि कुंडीवर पांढरट ओघळ दिसतात.

तपासा : कुंडी उचलून खालून बघा. छिद्रांतून लोंबणारी मुळं, जाळीच्या तारांची टोकं, चिकटलेली गोगलगाय. स्टँडवर ओरखडा पाडणारी तार आत्ताच वळवा.

## टप्पा ७ : स्टँड, सोबतचं रोप, पाटी

स्टँड कुंडीपेक्षा थोडा लांब हवा, ढोबळ मानानं एक तृतीयांश जास्त. पाय फार कोरीव नकोत. नक्षीदार चौरंगावर ठेवलेलं झाड पूजेला बसल्यासारखं वाटतं. धबधबा शैलीला उंच स्टँड लागतो, आणि फांदीचं टोक टेबलाला टेकणार नाही हे घरीच मोजून बघा. वनराई आणि दगडावरच्या झाडांना स्टँडऐवजी पातळ लाकडी फळी किंवा दगडाची लादी जास्त शोभते.

सोबतचं रोप म्हणजे दुसरा बोन्साय नव्हे. ब्राह्मी, एखादं बारीक गवत, हंसराजसारखा नेचा, असं छोटं, बशीएवढ्या कुंडीतलं काहीतरी. ते मुख्य झाडाखाली वाढणारं वाटावं आणि त्याच्याशी स्पर्धा करू नये. नियमात मागितलं नसेल आणि तुमच्याकडे चांगलं नसेल तर ठेवूच नका. गोगलगायी, चिनी म्हातारे, पूल, बगळे असल्या शोभेच्या खेळण्यांना शक्यतो घरी विश्रांती द्या.

पाटीवर झाडाचं मराठी नाव, शास्त्रीय नाव, शैली आणि वर्षं लिहितात. नुसतं ‘फायकस’ लिहू नका. वड, उंबर, पिंपळ, नांद्रुक सगळेच फायकस. वडाला ‘फायकस बेंगालेन्सिस’, नांद्रुकाला ‘फायकस मायक्रोकार्पा’. झाडाचं वय आणि तुम्ही त्यावर केलेल्या कामाची वर्षं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वय माहीत नसेल तर कामाची वर्षं लिहा. मनगटाएवढ्या खोडाला ‘७० वर्षे’ लिहिलं की जाणकार माणूस बाकीची पाटी वाचतच नाही.

## टप्पा ८ : नेणं

सर्वात जास्त नुकसान घर ते हॉल या अर्ध्या तासात होतं.

पाणी आदल्या संध्याकाळी द्या, निघताना नाही. ओली माती जड होते, घसरते आणि गाडीभर चिखल. बोगनवेलीलाही हेच. जेडला आठवडाभर आधीपासूनच पाणी कमी करा. पाण्यानं टम्म भरलेली पानं नुसत्या स्पर्शानं तुटतात, जराशी नरम झालेली टिकतात.

भाजीचं प्लास्टिकचं कॅरेट घ्या, तळाशी जुनी चादर अंथरा, कुंडी मधोमध ठेवा आणि चारही बाजूंनी उशा किंवा फोम ठोसून भरा. मोठ्या, उथळ कुंडीखाली स्कूटरची जुनी ट्यूब थोडी हवा भरून ठेवली की खड्ड्यांचे धक्के खालीच जिरतात. कुंडी कॅरेटला पट्ट्यानं बांधा. शेवाळावर ओला पातळ कपडा टाका. फांद्यांना काही बांधू नका. फार पसरलेलं झाड असेल तर मऊ जुन्या सुती साडीत सैल गुंडाळा.

गाडीच्या काचा बंद ठेवा, पण उन्हात उभी करून चहाला जाऊ नका. उघड्या टेम्पोत न्यायचं तर ताडपत्री हवीच, आणि मागं एक माणूस बसवा. झाड उचलताना दोन्ही हात कुंडीखाली. खोडाला धरून उचलणारा मदतनीस कितीही उत्साही असला तरी त्याच्याकडे स्टँड द्या.

सोबतच्या पिशवीत: बारीक कात्री, चिमटा, मऊ ब्रश, फवाऱ्याची बाटली, दोन नॅपकिन, वायर आणि वायर कटर, थोडं जास्तीचं शेवाळ, पुठ्ठ्याचे छोटे तुकडे, काळा मार्कर, पाटीची दुसरी प्रत, प्रवेशिकेची पावती.

## टप्पा ९ : मांडणी

मांडणीला दिलेल्या वेळेच्या सुरुवातीलाच पोचा. उशिरा येणाऱ्याला दारामागची जागा मिळते आणि घाईत शेजाऱ्याच्या फांदीला धक्का लागतो.

1. आधी टेबलाचं कापड ताणून घ्या, मग स्टँड, मग झाड. टेबल डुगडुगत असेल तर पायाखाली पुठ्ठा. स्टँड डुगडुगत असेल तरीही.
2. झाडाची पुढची बाजू नक्की करा. घरी कुंडीच्या मागच्या काठावर खडूची बारीक खूण करून ठेवली असेल तर इथं वाद उरत नाही.
3. झाड स्टँडच्या नेमक्या मध्यावर नको. ज्या बाजूला फांदी झुकते तिकडे थोडी जास्त मोकळी जागा सोडा, सोबतचं रोपही त्याच बाजूला.
4. परीक्षकाच्या उंचीवरून बघा, मग गुडघे वाकवून खोडाच्या मध्यावर डोळा आणून बघा. शेंडा किंचित पुढे, बघणाऱ्याकडे झुकलेला वाटायला हवा. मागं कलंडलेला वाटला तर कुंडीच्या मागच्या पायांखाली पुठ्ठ्याचा एक तुकडा सरकवा. तुकडा दिसता कामा नये.
5. शेवाळाची सांडलेली माती ब्रशनं काढा, एक हलका फवारा मारा, कुंडीवरचे थेंब पुसा.
6. फोटो काढा. डोळ्याला न दिसलेलं पिवळं पान फोटोत हमखास दिसतं.
7. क्रमांकाची चिठ्ठी पावतीशी ताडून बघा.

मग तिथून निघा. शेवटच्या तासात कात्री हातात घेऊन उभा असलेला स्पर्धक हा प्रदर्शनातला सर्वात धोकादायक प्राणी असतो.

## टप्पा १० : प्रदर्शनाचे दिवस

पाणी हॉल उघडण्याआधी, पहाटे. झारीनं, हळू, आणि खाली ट्रे ठेवून. आयोजकांच्या कापडावर मातीचे ओघळ पाडू नका. मैदानातल्या मांडवात दुपारी ऊब साचते आणि धूळ उडते, तिथं बंद झाल्यावर संध्याकाळी पुन्हा फवारा लागतो. बंद हॉलमध्ये झाड तीन-चार दिवस सहज काढतं, त्याहून जास्त असेल तर मधे बदलायला राखीव झाड तयार ठेवा.

झाडापाशी काही तास तरी थांबा. पानं खरी आहेत का हे लोक चिमटीत धरून बघतात, मुलं दगडावर बोट ठेवतात, आणि सेल्फीवाल्यांच्या पाठीवरची सॅक फांदीला लागते. ‘हे केवढ्याला?’ हा प्रश्न येणारच. काय सांगायचं ते आधी ठरवा. ‘झाडाला त्रास होत नाही का?’ हाही येतो, आणि त्यावर चिडू नये. पानांवरची तकाकी आणि नवी फूट दाखवा, कुंडी बदलतो म्हणजे काय करतो ते सांगा. माणूस समाधानानं जातो किंवा निदान हसून जातो.

निकाल लागल्यावर परीक्षक भेटले तर ‘माझा नंबर का नाही आला?’ असं विचारू नका. ‘यात पुढच्या वर्षी काय बदलू?’ असं विचारा आणि उत्तर तिथल्या तिथं लिहून घ्या. पहिल्या प्रश्नाला सभ्य उत्तर मिळतं, दुसऱ्याला उपयोगाचं. आणि पहिल्या क्रमांकाच्या झाडाचा फोटो समोरून सगळेच काढतात. तुम्ही बाजूनं आणि मागून काढा. फांद्यांची खोली कशी साधली आहे ते तिथं कळतं.

## टप्पा ११ : परत आणल्यावर

झाड थेट जुन्या जागी, इतर झाडांमध्ये ठेवू नका. दोन आठवडे वेगळं, अर्ध्या सावलीत ठेवून पानांची पाठ तपासत राहा. प्रदर्शनातून कीड घरी येणं ही नेहमीची गोष्ट आहे. हॉलमधून आणून एकदम कडक उन्हात ठेवलं तर कोवळी पानं करपतात, म्हणून ऊन हळूहळू वाढवा.

शेवाळाचं काम झालं. ते पूर्ण काढा किंवा निदान अर्धं काढा, कारण त्याखाली माती ओली की कोरडी हे कळत नाही. काढलेलं वाळवून पुन्हा कागदी पिशवीत ठेवा. वायर राहिली असेल तर आता उतरवा. हलकं खत पंधरा दिवसांनी सुरू करा.

परीक्षकांनी कुंडी बदला असं सांगितलं असेल तर घाई नको. झाड सावरू द्या, फेब्रुवारीअखेर नवे डोळे फुगायला लागले की बदला. याच झाडाला लागोपाठ दुसऱ्या वर्षी उतरवायचं म्हणजे पुन्हा पानं काढणं, पुन्हा छाटणी. त्यानं बारीक फांद्या मरतात. त्याला एक पूर्ण वर्ष मोकळं वाढू द्या आणि पुढच्या जानेवारीचं झाड याच मार्चमध्ये, बाकीच्यांच्या कुंड्या बदलताना, वेगळं काढून ठेवा.